विमानं उडली नाहीत, तर टाळ्या वाजवा



आज भाजणीचं प्रमाण नाही, पारण्याचा बेतही नाही. आज थोडं भांडायचंय, आणि तेही आपल्याच माणसांशी. विषय आहे हवाई दलाच्या कसरतींचा. लढाऊ विमानं बघायला आपण पोराबाळांना घेऊन जातो, मोबाईल उंच धरून फोटो काढतो. त्या दिवशी हवा खराब निघाली आणि कार्यक्रम आखडता घेतला किंवा रद्द झाला, की आपल्या तोंडून जे निघतं त्याबद्दल मला बोलायचंय.

काय निघतं ते तुम्हाला ठाऊक आहे. “एवढ्या लांबून आलो, आणि एवढंच?” “जरा ढग आले तर घाबरले!” “युद्धाच्या वेळी काय हवामान खात्याला विचारून जाणार आहेत?” हे पुरुष बोलतात तसं आपणही बोलतो. वर ग्रुपवर राखाडी आभाळाचा फोटो टाकून खाली हसरे चेहरे चिकटवतो.

माझं म्हणणं एवढंच आहे. खराब हवेत विमानं उडाली नाहीत, तर त्या दिवशी आपण टाळ्या वाजवल्या पाहिजेत. “उडवाच” असा हट्ट धरणारी गर्दी नुसती बघी राहत नाही, उद्या काही बरंवाईट झालं तर तिचाही त्यात वाटा असतो. हे मी सैन्यावर टीका म्हणून म्हणत नाही. आपल्या डोळ्यांच्या हावेबद्दल म्हणतेय.

आधी दुसऱ्या बाजूच्या मैत्रिणींचं ऐकून घेते, कारण त्या लगेच हात वर करतील. “अगं, मुळात जैनाने लढाऊ विमान बघायला जावंच कशाला? ती हिंसेची साधनं. मुलांना तिथे नेणं हेच पाप.” हे ऐकायला छान वाटतं. पण आपण राहतो कुठे, ते जरा बघूया. उल्हासनगरात पत्ता सांगताना आपण कॅम्प 1, कॅम्प 4, कॅम्प 5 म्हणतो. हा कॅम्प कुठला? दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीचा. फाळणीनंतर त्याच बराकींमध्ये सिंधी निर्वासित कुटुंबं आली आणि 1949 साली त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं. अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरी आहे, मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आहे. तिथल्या पगारावर अंबरनाथच्या बाजारातली किती दुकानं उभी राहिली, हे दुकानदाराच्या घरात दिलेल्या लेकींना मी सांगायला नको. मलंगगडाच्या वाटेवर नेवाळीला इंग्रजांनी युद्धाच्या काळात धावपट्टी बांधली, त्यासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या. त्याच जमिनींवरून 22 जून 2017 ला रस्त्यावर केवढा भडका उडाला, ते आपण पाहिलंय. आपली तिन्ही गावं सैन्याच्या सावलीतच वाढली आहेत. तेव्हा “आमचा शस्त्राशी काय संबंध” हे वाक्य आपल्या तोंडी शोभत नाही.

शास्त्रही इतकं सोपं नाही. हिंसेचे चार प्रकार आपण स्वाध्यायात ऐकतो: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. मुद्दाम, ठरवून केलेली हिंसा श्रावकाने पूर्ण सोडायची. बाकी तिन्हींत गृहस्थ अडकलेला असतो, त्या त्याने शक्य तितक्या कमी करायच्या. देशाचं, घराचं, दुबळ्याचं रक्षण करताना होते ती विरोधी हिंसा. श्रवणबेळगोळला बाहुबलींची मूर्ती उभी करणारा चामुंडराय कोण होता? गंग राजांचा सेनापती. त्याने हातात तलवार धरली म्हणून त्याच्या हातची मूर्ती आपण नाकारली का? नाही. दर महामस्तकाभिषेकाला आपण तिथे जातो आणि त्याचं नाव आदराने घेतो.

म्हणून विमान बघणाऱ्या मुलीला “पाप” म्हणून घरी बसवणं मला मान्य नाही. माझी एक भाची अंबरनाथला राहते, कॉलेजात शिकते आणि जुना, कुणाकडून तरी विकत घेतलेला कॅमेरा गळ्यात अडकवून विमानांचे फोटो काढत फिरते. हे मुलीचं काम आहे का, असं तिच्या घरात विचारलं गेलं. जून 2016 मध्ये अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंह या तिघी हवाई दलाच्या लढाऊ तुकडीत पहिल्या महिला वैमानिक म्हणून दाखल झाल्या. विमान चालवणं मुलीचं काम ठरलं, आणि त्याचा फोटो काढणं ठरेना! त्यामुळे जायचं तर जरूर जा. माझं भांडण बघण्याशी नाही, आपण तिथे काय मागतो त्याच्याशी आहे.

12 ते 14 जानेवारी 2024 असे तीन दिवस मरीन ड्राइव्हवर हवाई दलाची प्रात्यक्षिकं झाली. सूर्यकिरणची हॉक विमानं, सारंगची हेलिकॉप्टरं, सुखोई-30, आकाशगंगाचे पॅराशूटवाले. बदलापूर ते सीएसएमटी 68 किलोमीटर. सकाळी लोकल पकडायची, दादरला बदलून मरीन लाइन्सला उतरायचं, कठड्यापाशी जागा धरायची. पोरांना भूक लागते, उन्हात डोळे चुरचुरतात. मुंबईची जानेवारीतली हवा कशी असते तेही ठाऊक आहे. समुद्र कुठे संपतो आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नाही, सगळं धुरकट. एवढं करून विमान दिसलं नाही की चिडचिड होते, हे मी समजू शकते. पण चिडायच्या आधी त्या धुरकटपणात वर बसलेल्या माणसाला काय दिसतं, ते कुणीतरी आपल्याला सांगायला हवं. मीच सांगते.

सूर्यकिरणच्या कसरतीत नऊ विमानं असतात आणि दोन विमानांमधलं अंतर कधी कधी पाच मीटरपेक्षाही कमी असतं. आपल्या चाळीतली समोरासमोरची दारं जेवढ्या अंतरावर असतात, तेवढंच. पुढच्या विमानाच्या मागे उडणारा वैमानिक क्षितिजाकडे बघत नाही, तो पुढच्याच्या पंखाकडे बघत असतो. ढगात शिरलं आणि तो पंख दिसेनासा झाला, तर मग कशाचा भरवसा? मोठं वर्तुळ घ्यायचं तर विमानाला सरळ वर चढावं लागतं. ढग खाली उतरले असतील तर वर्तुळाचा वरचा भाग ढगात जातो. म्हणून ढग किती उंचावर आहेत हे बघून कसरती ठरतात. ढग उंच असतील तर वर्तुळं, मध्यम असतील तर नुसत्या गिरक्या, खाली असतील तर फक्त आडवी वळणं, आणि त्याहूनही खाली आले तर काहीच नाही. जगभर हीच रीत आहे.

आता साधा हिशेब करूया, किराण्याच्या यादीसारखा. ताशी 800 किलोमीटर वेगाने जाणारं विमान एका सेकंदात साधारण 220 मीटर कापतं. धुरक्यामुळे तीनच किलोमीटरवरचं दिसत असेल, तर समोरची वस्तू दिसल्यापासून तिथे पोचेपर्यंत 13-14 सेकंद. दोन विमानं समोरासमोरून येऊन एकमेकांना छेदून जायची कसरत असेल, तर त्याच्या निम्मे, सातही सेकंद नाहीत. दूध वर येताना दिसलं की हात गॅसच्या बटणापर्यंत नेईपर्यंत किती वेळा उतू गेलंय, आठवा. आणि इथे वर येतंय ते दूध नाही.

आणखी एक गोष्ट आहे, ती मला फार महत्त्वाची वाटते. डोळ्याला क्षितिज दिसेनासं झालं की माणसाच्या कानातला तोल सांभाळणारा भाग त्याला फसवतो. विमान वळतंय की सरळ चाललंय, चढतंय की उतरतंय, हे शरीर चुकीचं सांगतं. कितीही अनुभव असला तरी शरीर शरीरच. 8 डिसेंबर 2021 ला कुन्नूरजवळ जनरल बिपिन रावत यांचं हेलिकॉप्टर पडलं. त्यात त्यांच्या पत्नी मधुलिकाही होत्या, एकूण 14 जीव गेले. चौकशीनंतर हवाई दलाने सांगितलं की हवा अचानक बदलली, हेलिकॉप्टर ढगात शिरलं, वैमानिकाला दिशेचं भान राहिलं नाही आणि ते जमिनीवर आदळलं. यंत्रात बिघाड नव्हता, घातपात नव्हता, निष्काळजीपणाही नव्हता. देशाच्या सर्वात मोठ्या सेनाधिकाऱ्याला घेऊन जाणारं, निवडक हातांनी चालवलेलं हेलिकॉप्टर होतं ते. “सैनिकांना सवय असते” म्हणणाऱ्यांनी हे एकदा नीट वाचावं. ढग पदक बघून वाट देत नाहीत.

हवा चांगली असतानाही या कामात जीव जातात. 19 फेब्रुवारी 2019 ला बंगळुरूच्या येलहंकामध्ये सरावाच्या वेळी सूर्यकिरणची दोन विमानं एकमेकांना धडकली आणि विंग कमांडर साहिल गांधी गेले. 21 नोव्हेंबर 2025 ला दुबईच्या एअर शोमध्ये हजारो लोकांच्या डोळ्यांसमोर तेजस कोसळलं आणि विंग कमांडर नमांश स्याल गेले. स्वच्छ हवेत, भरपूर सराव केलेल्या माणसाच्या बाबतीत हे होतं. चांगल्या हवेतच हातात इतकी थोडी सवलत असते, तर धुक्याने तीही काढून घेतल्यावर काय उरतं?

दुबईची ती चित्रफीत आपल्या किती ग्रुपवर फिरली, मोजा. रडक्या चेहऱ्यांसह फिरली. कुणाचा तरी मुलगा, कुणाचा तरी नवरा जळतोय, आणि आपण ते पुन्हा पुन्हा बघून पुढे ढकलतोय. त्या दिवशी अपघातानंतरही तिथला कार्यक्रम पुढे चालू राहिला. अमेरिकेच्या एफ-16 पथकाचे वैमानिक टेलर हिस्टर यांनी मात्र आपलं उरलेलं प्रात्यक्षिक रद्द केलं, आणि सगळं काही झालंच नाही असं पुढे चालू राहिलेलं पाहून आपल्याला धक्का बसला असं नंतर लिहिलं. अहिंसेचे पाठ आपण गिरवतो. त्या दिवशी थांबायला हवं हे मात्र त्या वैमानिकाला कळलं आणि आपल्या बोटांना कळलं नाही.

आता “वाटा” या शब्दावर येते, कारण तोच काही जणींना टोचणार. कृत, कारित आणि अनुमोदना. स्वतः केलं, करवून घेतलं किंवा केलेल्याला मान डोलावली, तिन्हींचा बंध होतो. मच्छर मारणारी मशीन घेताना आपण हे आठवतो, कंदमुळाच्या भाजीला नाही म्हणताना आठवतो. मग पाच लाख माणसं समुद्रकाठी उभी राहून “उडवा, उडवा” म्हणत असतात, ती काय करत असतात? वर निर्णय घेणारा अधिकारी माणूसच आहे. त्याच्यामागे पाहुणे असतात, कॅमेरे असतात, आधी दिलेल्या जाहिराती असतात आणि पुढे आपण. आपली नाराजी वजनदार असते. ती त्याच्या खांद्यावर ठेवू नका. हवाई दल शिस्तीचं आहे, आपल्या ओरडण्याने ते नियम मोडत नाही, हे खरं. पण त्याने नियम मोडला नाही म्हणून माझी मागणी शुद्ध होत नाही. खाटकाने मागणी नाकारली, म्हणून मागणारा अहिंसक ठरतो का?

बारा व्रतांत अनर्थदंडाचा त्याग सांगितलाय. जे केल्यावाचून काही अडत नाही, ज्याला प्रयोजन नाही, अशा कृतीतून होणारी हिंसा म्हणजे अनर्थदंड. विनाकारण पाण्याचा नळ सोडून ठेवणं, जाता जाता झाडाची फांदी ओरबाडणं, माती उकरत बसणं, ही त्याची नेहमीची उदाहरणं. प्रयोजन आहे की नाही, एवढाच प्रश्न तिथे विचारायचा असतो. तोच प्रश्न मी विमानाला लावते, आणि त्याचं उत्तर आपल्या दारातच आहे.

26 जुलै 2019 ची रात्र आठवते ना? मुंबईहून निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस, कोल्हापूर-सांगलीच्या माहेरवाशिणींची आपली गाडी, बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुरात अडकली. उल्हास नदीचं पाणी रुळांवर, गाडीभोवती सगळीकडे पाणीच पाणी. सुमारे 1,050 प्रवासी होते, त्यात गरोदर बायकाही होत्या. दुसऱ्या दिवशी एनडीआरएफच्या बोटींनी माणसं बाहेर काढली, गावकरी मदतीला धावले, नौदलाचे पाणबुडे आले, आणि सैन्याची हेलिकॉप्टरं त्या तसल्या आभाळात आली. पुढच्याच आठवड्यात, 4 ऑगस्टला, आपल्याच ठाणे जिल्ह्यात जू-नांदखुरी गावातल्या 58 माणसांना हवाई दलाच्या हेलिकॉप्टरने पुरातून उचलून नेलं. त्यात लहान मुलंही होती.

तेव्हा हवा खराबच होती. पाऊस होता, ढग खाली होते, वारा होता. तरी ते उडाले, कारण खाली माणसं अडकली होती. याला म्हणतात प्रयोजन. “युद्धाच्या वेळी काय ढग बघणार?” म्हणणाऱ्यांना माझं हेच उत्तर आहे. नाही, तेव्हा ते कदाचित बघणार नाहीत. तेव्हा जीव पणाला लावावा लागेल, म्हणूनच तो आज तुमच्या मोबाईलमधल्या फोटोसाठी पणाला लावायचा नाही. वांगणीच्या पुरासाठी जो वैमानिक ढगात शिरतो, त्याला मरीन ड्राइव्हवरच्या टाळ्यांसाठी ढगात शिरायला लावणं याहून मोठा अनर्थदंड मला सुचत नाही.

घाबरण्याबद्दलही एक बोलायचंय. पावसाळा लागला की आपले मुनीमहाराज आणि माताजी विहार थांबवतात. एरवी अनवाणी, उन्हाथंडीत शेकडो मैल चालणारी ही माणसं चार महिने एका जागी थांबतात, कारण ओल्या जमिनीवर जीव जास्त असतात आणि पाऊल कुठे पडेल ते दिसत नाही. त्यांना कधी कुणी म्हटलंय का, की “महाराज पावसाला घाबरले”? उलट आपण चातुर्मासाचा कलश स्थापन करतो, आनंद करतो, आपल्या गावाला थांबण्याचं भाग्य मिळालं म्हणून मिरवतो. ज्या समाजाने थांबण्याचा उत्सव केला, त्या समाजाच्या बाईने थांबलेल्या वैमानिकाला भित्रा म्हणावं? कुंभोजला बाहुबलींसमोर हात जोडताना आपण कुणाला नमस्कार करतो, ते तरी आठवा. भावाशी झालेल्या द्वंद्वात जिंकलेला असताना जो थांबला, त्याला.

“परदेशात पावसातसुद्धा होतात की!” हेही ऐकलंय. होतात, आणि बंदही होतात. इंग्लंडमध्ये फेअरफोर्डला भरणारा लष्करी विमानांचा सोहळा जगातल्या सर्वात मोठ्या सोहळ्यांत गणला जातो. जुलै 2008 मध्ये पावसाने मैदानं चिखलाने भरली, आणि दोन्ही दिवसांचा सगळा कार्यक्रम त्यांनी रद्द केला. तिथे तर लोक महागडी तिकिटं काढून येतात. आपल्याकडे समुद्रकाठचं बघणं फुकट असतं. आपला काय तो लोकलचा खर्च आणि एक रविवार.

खराब हवा म्हणजे फक्त ढग नव्हेत. 6 ऑक्टोबर 2024 ला चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर हवाई दलाच्या 92 व्या वर्धापन दिनाची प्रात्यक्षिकं झाली. लाखो माणसं लोटली, दुपारी अकरा ते एकची वेळ, डोक्यावर ऊन. विमानं सुखरूप उतरली, पण बघायला आलेल्यांपैकी पाच जण गेले. म्हणून घरातल्या म्हाताऱ्यांना आणि तान्ह्यांना नेताना आपणही थांबायला शिकलं पाहिजे. ऊन फार असेल, तर सासूबाईंना घरी राहू द्या. त्यांना दूरदर्शनवर जास्त चांगलं दिसेल. कठड्यावर पोराला उभं करून “फोटो काढ बाबाचा” म्हणणं बंद करा. त्या कठड्यापलीकडे सिमेंटचे दगड आहेत आणि समुद्र आहे.

फोटोंबद्दल भाचीकडून ऐकलेलं सांगते, कारण “काहीच दिसलं नाही” ही तक्रार बऱ्याचदा अर्धीच खरी असते. राखाडी आभाळात मोबाईल सगळं काळवंडून टाकतो, म्हणून फोटोचा उजेड थोडा वाढवून घ्यायचा. जेट विमानाला शटर सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षा जलद ठेवायचं. हेलिकॉप्टरला उलट, थोडं संथ, नाहीतर त्याची पाती हवेत गोठलेली दिसतात आणि ते टांगून ठेवल्यासारखं वाटतं. धुरक्यात कॅमेऱ्याला विमान सापडत नाही, म्हणून ते जवळ येईपर्यंत वाट बघायची. आणि दमट हवेचं एक दानही असतं. विमान जोरात वळलं की पंखावरचा दाब कमी होतो, तिथली हवा गार पडते, आणि त्या ओलाव्याची पांढरी वाफ पंखावर क्षणभर शालीसारखी पसरते. कोरड्या, निरभ्र दिवशी ही शाल सहसा दिसत नाही. भाची म्हणते, “मावशी, एक चांगला मिळाला तरी पुरे.” आपण मात्र चारशे काढतो आणि एकही नीट बघत नाही. फोटोंचाही परिग्रह असतो बायांनो! मोबाईल भरला म्हणून भगवंताच्या पंचकल्याणकाचे फोटो पुसणारी मला माहीत आहे.

आता करायचं काय, ते सांगते. कुणालाही जमेल असंच आहे.

डबा नेलात तर उष्टं-खरकटं, चिवड्याची पिशवी, केळ्याची सालं, सगळं परत घरी आणा. उघड्यावरच्या कचऱ्यावर घारी आणि कावळे जमतात, आणि खालून उडणाऱ्या विमानाला पक्षी धडकला तर पक्षी जातो, कधी कधी विमानही जातं. दिल्लीजवळ हिंडनला वायुसेना दिनाच्या आधी हवाई दल लोकांना हीच विनंती करायचं, की उघड्यावर कचरा टाकू नका. जीवदया शिकवायला यापेक्षा चांगली जागा मिळणार नाही. एक पिशवी उचलली की वरचा आणि खालचा, दोन्ही जीव वाचतात.

मुलांना घरून निघतानाच सांगा, “हवा चांगली असेल तर बघू, नसेल तर समुद्र बघून परत येऊ.” चातुर्मासात आवडती भाजी सोडणारी आपली मुलं आहेत, त्यांना नाही ऐकायची सवय आहे. रद्द झाल्याची घोषणा झाली आणि मुलाने विचारलं, “का गं आई?”, तर “बघ, कसले लोक आहेत” असं म्हणू नका. “त्या काकांच्या आईला ते रात्री घरी जेवायला हवे आहेत, म्हणून,” असं सांगा. त्याला बरोबर कळेल. मुलांना अशा गोष्टी आपल्यापेक्षा लवकर कळतात.

अपघाताची चित्रफीत आली तर पुढे पाठवू नका. नऊ वेळा णमोकार म्हणा आणि पुसून टाका.

आणि ग्रुपवर कुणी पुढच्या वेळी “घाबरले वाटतं” असं लिहिलं, तर गप्प बसू नका. भांडायची गरज नाही. वांगणीच्या पुराची आठवण करून द्या आणि विचारा, “तेव्हा कोण आलं होतं गं?”